आइस डान्सची पदकं कोणाला? जळगावात बसून अंदाज बांधायची आमची पद्धत

डिसेंबर लागला की आमच्या घरात दोन विषय चालतात. जिभाऊंचा सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि माझी बर्फावरच्या स्केटिंगची ग्रां प्री फायनल. जिभाऊ म्हणजे माझे थोरले काका. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरली की ते जाणारच. घोडा कधी घेत नाहीत, पण कुठला घोडा चांगल्या किमतीला जाणार हे सकाळीच सांगून ठेवतात आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

एकदा मी मोबाइलवर आइस डान्स बघत असताना ते मागे येऊन उभे राहिले. "हाई काय देखी ऱ्हायना रे भो?" मी म्हटलं, बर्फावरचा नाच आहे, यात कोण जिंकेल ते ओळखायचंय. त्यांनी दोन जोड्या बघितल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रंग नको देखू. पाय देख."

तोवर मी रंगच बघत होतो. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे: दोघं भुसावळचे, एक अमळनेरची, एक चाळीसगावचा आणि मी. प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी तीन नावं लिहून पाठवायची आणि हरणाऱ्याने शेवभाजी खिलवायची. पहिले दोन हंगाम मीच खिलवली. नंतर वही घातली, तेव्हा कुठे खिसा वाचू लागला. त्या वहीची पद्धत इथे देतोय. बर्फाला आयुष्यात हात न लावलेल्या माणसालाही ती जमते. मार्चअखेर जागतिक स्पर्धा असते तेव्हा आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो.

आधी खेळ नीट ओळखा

आइस डान्सला दोन फेऱ्या असतात. रिदम डान्स साधारण 2 मिनिटं 50 सेकंदांचा आणि फ्री डान्स 4 मिनिटांचा. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल. रिदम डान्सचा विषय आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियन, म्हणजे आयएसयू, दर हंगामाला ठरवून देते. 2023-24 ला ऐंशीचं दशक होतं, 2024-25 ला पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकांतले नाच, 2025-26 ला नव्वदचं दशक. फ्री डान्सला संगीत जोडीच्या मर्जीचं.

पेअर्स स्केटिंगशी याची गल्लत करू नका. तिथे जोडीदारणीला डोक्यावर उचलतात, हवेत फेकतात, दोघं शेजारी-शेजारी एकच मोठी उडी मारतात. उडी फसली की क्रम उलटापालटा होतो. आइस डान्समध्ये तसल्या उड्याच नाहीत. गुण मिळतात ते पायांच्या कामाचे, ट्विझलचे (एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकत जाणं), लिफ्टचे (जोडीदाराला उचलून धरणं) आणि दोघांच्या जवळिकीचे. म्हणून इथला क्रम केळीच्या भावासारखा एका रात्रीत कोसळत नाही, हळूहळू सरकतो. अंदाज बांधणाऱ्याला हे फार सोयीचं आहे, कारण मागच्या निकालांत पुढच्या निकालाचं बरंचसं उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

पहिली पायरी: यादी छाटा

स्पर्धा कोणती ते आधी बघा. युरोपियन स्पर्धेत अमेरिका आणि कॅनडा नसतात, फोर कॉन्टिनेंट्समध्ये युरोप नसतो. जागतिक स्पर्धेत एका देशाच्या जास्तीत जास्त तीन जोड्या असतात आणि रिदम डान्सनंतर पहिल्या 20 जोड्याच फ्री डान्सला जातात.

ग्रां प्री मालिकेत सहा स्पर्धा असतात आणि एका जोडीला त्यांतल्या जास्तीत जास्त दोनच मिळतात. जिंकणाऱ्याला 15 गुण, दुसऱ्याला 13, तिसऱ्याला 11, आणि बेरजेने पहिल्या सहा जोड्या डिसेंबरच्या फायनलला. याचा अर्थ असा की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन बलाढ्य जोड्या समोरासमोर येतातच असं नाही. दोघांकडे दोन-दोन सुवर्णं असू शकतात आणि दोघांची गाठ एकदाही पडलेली नसते. म्हणून डिसेंबरच्या फायनलला माझ्या वहीत दुप्पट वजन आहे.

यादीत सहा-सात नावं ठेवा, बाकीच्यांवर काट मारा. मन घट्ट करावं लागतं. आमच्या अमळनेरच्या बाईंना दरवर्षी एखादी सोळाव्या क्रमांकाची जोडी आवडते आणि ती त्या कांस्याला लावतात. शेवभाजी मात्र त्या उत्तम खिलवतात.

काट मारताना एक फसगत सांभाळा. जोडी नवी असेल तर क्रमवारीचा रकाना कोरा दिसतो. गियोम सिझेरोन गॅब्रिएला पापादाकिसबरोबर 2022 चा ऑलिंपिक विजेता होता. मार्च 2025 मध्ये त्याने लॉरेन्स फोर्निए बोद्रीबरोबर नवी जोडी जाहीर केली. पुढच्या, म्हणजे 2025-26 च्या हंगामाच्या सुरुवातीला फक्त क्रमवारी बघणाऱ्याला हे नाव सापडलंच नसतं. जोडी कोरी असली तरी दोघांचे पाय वर्षानुवर्षांचे तयार आहेत, हे वहीत शेजारी लिहून ठेवायचं.

दुसरी पायरी: वहीत काय लिहायचं

साधी दोनशेपानी वही पुरते. प्रत्येक जोडीला एक पान. पानावर स्पर्धा आणि तारीख, रिदम डान्सचे गुण, फ्री डान्सचे गुण, एकूण, कंपोनंटचे तीन आकडे (हे काय ते चौथ्या पायरीत), स्टेप सीक्वेन्सच्या, म्हणजे सलग पावलांच्या रचनेच्या, पातळ्या आणि कपात झाली असल्यास तिचं कारण.

राष्ट्रीय स्पर्धेचे आकडे या पानावर येऊ देऊ नका. घरचे पंच घरच्या पोरांना सढळ हाताने गुण देतात, हे सगळीकडचंच आहे. आयएसयूच्या नोंदीतही ते धरले जात नाहीत. जानेवारीत एखादी जोडी आपल्या देशात अफाट गुण मिळवते, लोक हुरळतात आणि मार्चमध्ये तीच जोडी दहा गुण खाली दिसते. मी हे आकडे वहीच्या मागच्या बाजूला लाल शाईने लिहितो. सरावाची बातमी म्हणून ते उपयोगी असतात.

दुसरं पथ्य: दोन वेगळ्या स्पर्धांतली एकूण बेरीज थेट भिडवू नका. प्रत्येक स्पर्धेला पातळ्या ठरवणारं तांत्रिक मंडळ वेगळं असतं. एक मंडळ पायांबाबत कडक, दुसरं मऊ. एकाच स्पर्धेत, एकाच मंडळासमोर दोन जोड्यांत किती अंतर होतं, हा आकडा जास्त खरा.

तिसरी पायरी: गुणपत्रक उघडा

इथे वेळ घाला. स्पर्धा संपली की आयएसयूच्या निकालपानावर पंचांचं सविस्तर गुणपत्रक येतं, सगळे त्याला प्रोटोकॉल म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तर रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाटतं. भुसावळच्या माणसाला त्यात नवल नाही, एकदा रकाने कळले की गाडी सापडते.

पत्रकावर वरच्या भागात एकेक घटक, म्हणजे एलिमेंट. प्रत्येकाला पातळी असते, बेसिकपासून चौथीपर्यंत. पातळी तांत्रिक मंडळ ठरवतं. त्यापुढे नऊ पंचांचे नऊ आकडे, उणे 5 ते अधिक 5. तो घटक किती चांगला झाला हे ते सांगतात. नवातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा वगळतात आणि उरलेल्या सातांची सरासरी घेतात. एखाद्या पंचाने आपल्या देशाच्या जोडीला खिरापत वाटली तरी ती बरीचशी इथेच गळून पडते, त्यामुळे पंचांच्या देशांवर फार डोकं खर्चू नका.

आता नजर कुठे टाकायची? लिफ्टवर नको. वरच्या जोड्यांना लिफ्टची चौथी पातळी बहुतेक मिळतेच. नजर टाका स्टेप सीक्वेन्सवर आणि एका पायावरच्या वळणांवर. तिथे स्त्रीची पातळी वेगळी लिहिलेली असते, पुरुषाची वेगळी. जगातल्या अव्वल जोड्याही इथे दुसरी-तिसरी पातळी घेऊन परततात. सलग तीन स्पर्धांत पुरुषाची पातळी दुसरीवरच अडकलेली दिसली तर ती रचनेतली किंवा पायातली खोड आहे, त्या दिवसाचं दुर्दैव नव्हे. एका स्पर्धेत दुसरी आणि पुढच्या दोन स्पर्धांत तिसरी, चौथी असं दिसलं तर समजा, प्रशिक्षकांनी पत्रक वाचलंय आणि पावलं बदललीत. अशी जोडी मार्चमध्ये वर येते. माझ्या वहीत तिच्यापुढे बाण असतो.

काही घटकांना पातळीच नसते. सरकत जाणारी स्लाइड, आधार घेऊन मारलेली उडी, व्यक्तिरेखेची पावलं, हे कोरिओग्राफिक घटक. त्यांची मूळ किंमत ठरलेली असते आणि सगळा फरक पंचांच्या अधिक-उण्यात पडतो. इथे सातत्याने अधिक 4 आणि 5 मिळवणारी जोडी पंचांना मनापासून आवडते, एवढं निश्चित.

मग कपातीचा रकाना. एक जण पडला तर एक गुण वजा, दोघं पडले तर दोन. छोटी लिफ्ट 7 सेकंदांच्या पलीकडे रेंगाळली तरी एक गुण जातो. हे चुकून एकदा झालं तर सोडून द्या, दोनदा झालं तर लिहून ठेवा.

चौथी पायरी: पाव गुणाची किंमत

हा हिशेब कळल्यावर माझं अंदाज बांधणंच बदललं, म्हणून सावकाश सांगतो.

2022-23 पासून कंपोनंट तीन आहेत: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकाला दहापैकी गुण, पाव-पाव गुणाच्या पायऱ्यांनी. रिदम डान्समध्ये या बेरजेला 1.33 ने गुणतात, फ्री डान्समध्ये 2 ने.

समजा एक जोडी दुसरीपेक्षा तिन्ही कंपोनंटमध्ये फक्त पाव गुणाने पुढे आहे. बेरीज 0.75. रिदम डान्समध्ये त्याचे जवळपास 1 गुण, फ्री डान्समध्ये 1.5. दोन्ही मिळून अडीच गुण. पडल्याची थेट कपात एका गुणाची, आणि पंचाच्या मनातला पाव गुण अडीचचा!

आता 2024 ची माँट्रियलची जागतिक स्पर्धा घ्या. अमेरिकेच्या मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स यांना 222.20 गुणांनी सुवर्ण, कॅनडाच्या पायपर गिल्स आणि पॉल पॉरिए यांना 219.68 गुणांनी रौप्य. अंतर 2.52. पाव गुणाची किंमत जवळपास तेवढीच.

आदल्या वर्षी जपानच्या साइतामाला चॉक फ्री डान्समध्ये चक्क पडली होती. तरी त्यांनी 226.01 गुण घेऊन सुवर्ण नेलं, दुसऱ्या आलेल्या इटलीच्या शार्लीन गिन्यार आणि मार्को फाब्री यांच्यापेक्षा 6.16 ने पुढे. पडणं दोन घटकांच्या मधल्या जागेत झालं होतं, त्यामुळे एखादा मोठा घटक बुडाला नाही, आणि कंपोनंटचा साठा मोठा होता. आमच्या चाळीसगावच्या मित्राने ती पडल्याबरोबर ग्रुपवर "गेलं सोनं" असं टाकलं होतं. अजून तो मेसेज आम्ही दर मार्चला वर काढतो.

तर प्रत्येक जोडीच्या पानावर तीन कंपोनंटची सरासरी काढा आणि जोड्या थरांत लावा. 9.50 च्या वरच्या एका थरात, 9.25 च्या आसपासच्या दुसऱ्या, 9 च्या खालच्या तिसऱ्या. खालच्या थरातली जोडी वरच्या थराला सरळ सामन्यात क्वचितच हरवते, त्यासाठी वरच्यांची चूक व्हावी लागते. एकाच थरातल्या जोड्यांचा निवाडा मात्र पातळ्या करतात, म्हणजे तिसऱ्या पायरीवरचं तुमचं काम.

थर चढायला वेळ लागतो, पण चढतात. गिल्स-पॉरिए 2021 ला जागतिक कांस्य घेऊन 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला सातवे आले. लोकांनी त्यांना बाद धरलं. मग 2023 ला पुन्हा कांस्य, 2024 आणि 2025 ला रौप्य. एका वाईट स्पर्धेवरून काट मारू नका.

पाचवी पायरी: डोळ्यांनी बघा, पण जिभाऊंसारखं

सारंगखेड्याला हौशी गिऱ्हाईक आधी घोडा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का बघतं, देवमण-कंठ हे शुभ मानलेले भोवरे बघतं. जिभाऊ मालकाला घोडा चालवायला लावतात आणि खाली बसून बघतात.

आइस डान्सचे कपडे, मेकअप, ओळखीचं गाणं हे पंचकल्याणी. ते पहिल्या वेळी मनसोक्त बघून घ्या. दुसऱ्या वेळी आवाज बंद करा आणि गुडघ्याखाली बघा. पात्याच्या कडेवर, म्हणजे एजवर, शरीर किती कलतं? वळण घेताना वेग टिकतो की दर दोन पावलांनी जोर लावून ढकलावं लागतं? दोघांमधलं अंतर किती? जवळजवळ राहून तोच वेग ठेवणं फार अवघड. ट्विझलमध्ये दोघं एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी थांबतात का? दोन-तीन वेळा असं बघितलं की पंच कौशल्याला जास्त गुण का देतात ते आपोआप दिसायला लागतं. आयएसयूची ज्युनियर ग्रां प्री यूट्यूबवर फुकट दिसते, डोळा तयार करायला ती छान.

वेळेचं गणितही ठेवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथली स्पर्धा दिवसाढवळ्या बघता येते. अमेरिका-कॅनडाची रात्री-पहाटे. त्यात लाइट गेली तर मोबाइलचा डेटा हाच आधार. मी आदल्या दिवशी चार्जिंग शंभर करून ठेवतो.

सहावी पायरी: रिदम डान्सनंतर फेरजुळणी

पहिली फेरी संपली की अंदाज गोठवून बसू नका, पुन्हा मांडा. आमच्या ग्रुपमध्ये एक नाव बदलायची मुभा असते.

अंतर बघा. माँट्रियलला चॉक-बेट्स 90.08 वर होते, गिल्स-पॉरिए 86.51 वर तिसरे. घरच्या प्रेक्षकांसमोर गिल्स-पॉरिएंनी फ्री डान्स जिंकला, पण फरकाने म्हटलं तर फक्त 1.05 ने. 3.57 चा खड्डा त्यातून भरला नाही, दुसरं स्थान मात्र मिळालं.

2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकला पहिल्या फेरीत पापादाकिसच्या पोशाखाचा मानेजवळचा हूक सुटला. जोडीला 81.93, कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना 83.67. फ्री डान्स पापादाकिस-सिझेरोननी 0.95 ने जिंकला, सुवर्ण 0.79 ने गमावलं. तिथे पोशाखानेच हिशेब फिरवला असं वाटतं, आणि मी जिभाऊंना तसं म्हणालोही. ते म्हणाले, खोगीर नीट कसलं नाही हा घोड्याचा दोष नाही, पण शर्यत तर गेली.

यावरून माझा ठोकताळा असा: वरच्या थरातल्या जोड्यांत तीनपेक्षा जास्त गुणांचं अंतर चुकीशिवाय भरत नाही. दीडच्या आतलं अंतर म्हणजे बरोबरी समजा आणि फ्री डान्सचे हंगामातले आकडे बघून निवडा. त्याच ऑलिंपिकला अमेरिकेच्या हबेल-डोनोह्यू आणि शिबुतानी भावंडांत पहिल्या फेरीनंतर 0.02 चं अंतर होतं, हबेल-डोनोह्यू पुढे. फ्री डान्समध्ये त्यांच्याकडून चुका झाल्या आणि कांस्य 4.90 च्या फरकाने शिबुतानींकडे गेलं.

समान गुण झालेच तर फ्री डान्समध्ये जास्त गुण असलेली जोडी वर.

कांस्यावर डोकं लावा

सुवर्ण ओळखण्यात फारशी शेखी नाही. चॉक-बेट्स 2023, 2024, 2025 असे सलग तीनदा जागतिक विजेते झाले, ते आमच्यातल्या पाचही जणांनी बरोबर लिहिलं होतं. शेवभाजी ठरते ती कांस्यावर, कारण तिसऱ्या जागेसाठी एकाच थरातल्या तीन-चार जोड्या दाटीने उभ्या असतात.

2025 ला मी तिथेच आपटलो. गिन्यार-फाब्रींनी जानेवारीत सलग तिसरं युरोपियन विजेतेपद मिळवलं होतं, त्याआधी 2023 ला जागतिक रौप्य आणि 2024 ला कांस्य. मी डोळे मिटून त्यांना पदकात धरलं. बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य गेलं ब्रिटनच्या लायला फिअर आणि लुईस गिब्सन यांना, 207.11 गुणांनी. आइस डान्समध्ये ब्रिटनला 1984 च्या टॉर्व्हिल आणि डीननंतर मिळालेलं ते पहिलं जागतिक पदक. नंतर वही उघडली तर लक्षात आलं, फिअर-गिब्सनचं पान मी डिसेंबरनंतर भरलंच नव्हतं. इटलीचं नाव आधीच पक्कं केल्यावर बाकीच्यांची पानं कशाला भरायची, असं झालं होतं.

तेव्हापासून कांस्यासाठी मी तीन नावं लिहितो आणि प्रत्येकापुढे दोन आकडे: चांगला दिवस गेला तर किती, वाईट गेला तर किती. हंगामातली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आंतरराष्ट्रीय बेरीज घेतली तरी भागतं. ज्याचा वाईट दिवसही बाकीच्यांच्या वाईट दिवसापेक्षा वर आहे, त्याचं नाव पाठवतो. चांगल्या दिवसाच्या आकड्यावर भाळून निवड केली की अमळनेरच्या बाईंसारखं होतं.

ग्रुपमध्ये खेळायचं असेल तर गुण असे ठेवा: जोडी अचूक जागी असेल तर तीन, पदकात असेल पण जागा चुकली तर एक. नावं रिदम डान्सची पहिली जोडी बर्फावर उतरण्याआधी पाठवायची, नंतर आलेला मेसेज बाद. जिभाऊ या वर्षीपासून आमच्यात सहावे आहेत. त्यांना नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून ते "निळा कपडानी जोडी" असं लिहून पाठवतात. फ्री डान्सला कपडे बदलतात, त्यामुळे त्यांचा निकाल लावताना दर वेळी भांडण होतं.